मावशीची फर्माईश

भाच्याची डीजे म्हणून ही पहिलीच पार्टी, आणि तीही मावशीच्या साठाव्या वाढदिवसाची. गाणी डाउनलोड करताना पठ्ठ्याने प्रत्येकाची सुरुवात तेवढी ऐकली होती. शेवटापर्यंत ऐकायला धीर कुणाला?

"फजिती झाली तर मी तुला ओळखत नाही हं, ढोलक्या," मावशीने लाडाने दम भरला होता.

पण पहिल्याच गाण्याला अख्खा हॉल नाचला. गाणं संपलं आणि स्पीकरमधून टाळ्यांचा कडकडाट झाला.

हॉलमध्ये मात्र एकाचेही हात हलले नव्हते.

मग स्पीकरमधूनच मावशीचा आवाज आला, "वन्स मोअर, ढोलक्या!"

भाचा गर्रकन वळला. मावशी शेजारीच उभी होती, केकच्या तुकड्याने गाल फुगलेले.

तिने तो कसाबसा गिळला.

"अरे," ती हळूच म्हणाली, "हे तर मी आत्ता म्हणणार होते."