काखेतला कोंबडा

माझ्या सातवीच्या वर्गात विनोद दोनदा सांगावा लागतो. मी इंग्रजीत वाचते तेव्हा मुलं शोकसभेला बसल्यासारखी गंभीर असतात. मराठीत सांगितलं की हसतात. वर्षभर रोज नवे इंग्रजी शब्द फळ्यावर लिहून पाठ करून घेतले. अर्थ घडाघडा म्हणतात, पण धडा उघडला की सगळी मुकी. हा खटाटोप आता बंद करावा, असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

आज गोष्ट कोंबडीचोराची होती. चोर कोंबडा काखोटीला मारून गवताच्या गंजीत लपतो, श्वाससुद्धा रोखून धरतो, आणि कोंबडा आरवतो. एवढं इंग्रजीत वाचून मी मराठी सांगणार, तोच मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कोण हसलं?"

धनश्री कोळेकर घाबरत उभी राहिली. "चुकलं, बाई."

"का हसलीस?"

"चोर श्वास रोखून बसला, बाई, पण कोंबड्याला कोण सांगणार?"

आता अख्खा वर्ग हसला. गोष्टीचं मराठी मी अजून सांगितलंच नव्हतं.

मी फळ्याकडे वळले आणि उद्याचे शब्द आजच लिहून टाकले.