पूर्ण दोन हजार

मोंटानात शेजारी अकरा मैलांवर आणि गाडीची किल्ली नवऱ्याच्या खिशात. व्हर्नाने दुसरी किल्ली चोरून बनवून घेतली. क्लीट सगळं घर उचकटायचा, पण काडतुसं भरायच्या गोळ्यांच्या डब्यात हात घालून कधी शोधत नसे. नुसता डबा काट्यावर ठेवायचा, काटा वजनावरून गोळ्यांचा आकडा सांगायचा. झाकणावर त्याने लिहिलं होतं, २०००. दुपारी व्हर्नाने किल्ली तळाशी दडवली आणि एक गोळी कमी करताच काट्यावर दोन हजार आले.

संध्याकाळी क्लीटने डबा तोलला.

“पूर्ण दोन हजार!”

“मग? मी काय गोळ्या खाते?” व्हर्ना हसली.

“तसं नाही गं, राणी. सकाळी दोन मीच घेतल्या होत्या.”