अपघाताविना २९९ दिवस

हातमोज्याच्या आत रक्त तळव्यापर्यंत आलं होतं आणि दीपमालाला पुढचा पत्रा उचलायचाच होता. थांबली असती तर अख्ख्या लाइनीला कळलं असतं.

बोट कापलं साडेआठला. पत्र्याची धारच तशी. कंपनी हातमोजे महिन्याला एकच जोड द्यायची आणि बोटांची टोकं दहा-बारा दिवसांत फाटायची. नवे मागायला जावं तर, कशाला हवेत, म्हणून शंभर प्रश्न. तिने भिंतीवरच्या औषधपेटीतली पट्टी गुपचूप काढली, बोटाला गुंडाळली आणि हातमोजा परत चढवला. ती शेवटचीच पट्टी होती.

वळून बघते तर मागे सुपरवायझर हिंदुराव उभे.

"काढायचा न्हाई त्यो," ते दबक्या आवाजात म्हणाले. "उद्या तीनशे व्हत्यात. ध्यानात ठेव."

दारातल्या फळ्यावर भल्यामोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'अपघाताविना २९९ दिवस'. उद्या मोठे साहेब येणार, पेढे वाटणार, फोटो काढणार. फळ्याचं काय, सांगाल ते तो दाखवतो. गेल्या महिन्यात रंभाने कापलेला अंगठा दाखवला, तर दुसऱ्या दिवशी तिचा गेटपास बंद. कारण लिहिलं, 'घरगुती अडचण'. फळ्यावरचा आकडा त्या दिवशीही एकाने वाढला होता.

दीपमालाचं कंत्राट सोमवारी संपत होतं. पुढचं मिळालं नाही तर चाकणची खोली सोडून परभणीची गाडी धरायची, पोरांच्या शाळेसकट.

त्यात हिंदुरावांची धास्ती वेगळीच. माणूस कधी हसायचा नाही. गेल्या आठवड्यापासून तर चहासुद्धा हातमोजा न काढता डाव्या हाताने प्यायचे. काय तो रुबाब, असं तिला वाटायचं.

अकराला मिनल मॅडम आल्या. याच महिन्यात रुजू झालेल्या सेफ्टी ऑफिसर. त्यांनी फळा वाचला, मग औषधपेटी उघडली. झाकणावर दीपमालाच्या बोटाचा लाल डाग तसाच होता.

"कुणाला लागलंय?"

मशिनं थांबली. हिंदुराव जमिनीकडे बघत राहिले.

मॅडम फळ्याकडे गेल्या आणि त्यांनी २९९ पुसून टाकलं. त्या जागी लिहिलं, 'लागलं म्हणून कुणाचाही गेटपास बंद होणार नाही'. खाली सही केली, तारीख घातली.

"आता मोडायला आकडाच राहिला नाही," त्या म्हणाल्या. "आता सांगा."

दीपमालाने हातमोजा ओढून काढला.

"मी, मॅडम. एकच पट्टी घेतली हो. शपथ." तिला रडूच फुटलं.

मॅडमनी तिचा हात हातात घेतला, बोट बघितलं. मग त्यांनी लाइनीकडे तोंड केलं.

"एक तारखेला या पेटीत मी स्वतः पन्नास पट्ट्या ठेवल्या होत्या. आज वीस तारीख, आणि पेटी रिकामी. बाकीच्या एकोणपन्नास कुठे आहेत?"

एकेक करून हातमोजे निघू लागले. सगळ्यांत आधी हिंदुरावांचा, उजव्या हाताचा.