गालावरचा ओरखडा

कोरणी घसरली आणि लाकडी ठोकळ्यावर महिनाभर कोरलेल्या चेहऱ्याचं वाटोळं झालं. लाकडाला खोडरबर चालत नाही. कोरलं ते कागदावर पांढरं उमटणारच. हत्यारांची पिशवी उचलून तडक आत्याकडे गेले. अशी छापील चित्रं जमवण्यात तिची हयात गेलेली. हत्यारंही तिनेच दिलेली. “घे परत. माझ्याच्याने व्हायचं नाही.” “आधी हात धू.” तिने कपाटाचा खण ओढला आणि एकाच ठोकळ्याचे, कोरकाम चालू असताना वेळोवेळी काढलेले तीन ठसे मांडले. पहिल्यात चापूनचोपून केस बांधलेली म्हातारी. दुसऱ्यात तीच, पण गालावर पांढरा ओरखडा. तिसऱ्यात वारा सुटलेला, तोंडावर पांढऱ्या बटा उडताहेत. हेच चित्र पाहून मी या नादाला लागले होते. पहिले दोन झाकून आत्याने भिंग दिलं. “शोध ओरखडा.” मी श्वास रोखून एकेक बट पाहिली. “वाराच आहे सगळा,” म्हणत पिशवी परत घेतली.