लाल अक्षरं

आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या रक्तदाता मंडळातल्या दमयंतीकाकू तिचा लॅपटॉप घेऊन आल्या. "दात्यांची यादी सारखी अडते म्हणायची. तूच बघ आता."

ती अडचण मला पाठ होती. रक्तगटाच्या रकान्याला आईनं ‘ग्रुप’ नाव दिलं होतं. हा शब्द डेटाबेस स्वतःच्या आज्ञांसाठी राखून ठेवतो, म्हणून आपण वापरताना तो अवतरणचिन्हांत लिहावा लागतो, नाहीतर चूक दाखवणारी लाल अक्षरं येतात. आई ते विसरायची आणि दर रविवारी फोन करायची.

"अगं, परत लाल अक्षरं आली."

"आई, वर्षभर तेच सांगतेय! नावच बदल ना त्याचं."

"राहू दे गं. तू आहेस की सांगायला."

मी दोन मिनिटांत सांगून फोन ठेवायचे.

आता मी लॅपटॉपनं आपोआप नोंदवलेल्या तिच्या सगळ्या आज्ञा, चुकलेल्या धरून, तारखेनं लावून पाहिल्या. प्रत्येकीत ‘ग्रुप’भोवती अवतरणचिन्हं होती, अगदी पहिल्या आठवड्यापासून. रविवारची मात्र एकही आज्ञा नव्हती. चालू-बंदच्या नोंदीही पाहिल्या; रविवारी तिनं लॅपटॉप उघडलाच नव्हता.

"काय बिघडलंय?" काकूंनी विचारलं.

"काहीच नाही, काकू," मी म्हटलं. "कधीच काही बिघडलं नव्हतं."