उडी टाकायची नाही

“तोंड पाण्यात घाल आणि बुडबुडे काढ,” पंकजा मॅडम म्हणाल्या, तशी ज्ञानेश्वरीनं नाक चिमटीत धरलं, डोळे गच्च मिटले आणि एकदाची मान खाली घातली.

वरच्या पायरीवर बसलेल्या गहिनीनाथनं रोखून धरलेला श्वास सोडला. पुतणीला मोटारसायकलवर बसवून तो रोज सकाळी शेवगावच्या या पोहण्याच्या तलावावर आणायचा. उन्हाळी शिबिराची गोष्ट त्यानंच घरात काढली होती. त्याची वहिनी सत्यशीला आधी ऐकायलाच तयार नव्हती. ज्या पाण्यानं नवरा नेला, त्यात पोरीला कशाला घालायचं, असं तिचं म्हणणं. पण तो हटून बसला. ज्ञानूला पोहता आलंच पाहिजे, बाकी काही नाही आलं तरी चालेल.

ज्ञानूचा बाप रामहरी गेल्या वर्षी शेततळ्यात गेला. मोटार पाणी उचलेना म्हणून तो कडेनं खाली उतरला आणि तळ्याच्या प्लास्टिक कागदावरून त्याचा पाय सटकला. ओल्या कागदावर माणसाला वर चढता येत नाही. धाकटा गहिनीनाथ तेव्हा बांधावरच होता. तो बोंबलत वस्तीकडं पळाला, माणसं घेऊन आला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याच सकाळी कांद्याला आधी पाणी कुणी द्यायचं यावरून दोघा भावांची चांगलीच जुंपली होती आणि ती साऱ्या वस्तीनं ऐकली होती. तरी वस्तीनं त्याला बोल लावला नाही. पोहता न येणारा माणूस करणार तरी काय?

सत्यशीलानंही नाही लावला. उलट दहावा उरकल्यावर तिनंच त्याला समजावलं. “भावजी, मनाला लावून घेऊ नका. तुमाला पवता येत असतं तर तुमी उडी टाकलीच असती. मला ठाव हाय.”

हे बोलणं त्याला जेवताना आठवायचं, कांदा भरताना आठवायचं. त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर घास तरी गोड लागला असता, असं त्याला वाटायचं.

ज्ञानू पाण्याला सरावत गेली. बुडबुडे झाले, काठ धरून पाय मारणं झालं, मग पाठीवर तरंगणं आलं. तिथं मात्र गाडं अडलं. ती मान ताठ धरायची आणि पाय खाली जायचे. पायरीवर बसलेल्या गहिनीनाथची मान तेव्हा आपोआप मागं कलायची. मॅडमना ते बघून हसू यायचं.

“नाना, तुम्हीपण शिका की. संध्याकाळी मोठ्यांची बॅच असते.”

“नगं मॅडम. पाणी बघितलं की पोटात गोळा येतो.”

“लहानपणी विहीर, नदी, काहीच नाही?”

“शाळंला मुंगी गावात मामाकडं हुतो. गोदावरी दारात. पण मामा लई कडक. काठाच्या फुडं जाऊ द्यायचा न्हाई.”

एके दिवशी मॅडमनी पोरांना रिकामा कॅन दोरीला बांधायला शिकवलं. कुणी बुडताना दिसलं तर ओरडायचं, कॅन फेकायचा, दोर धरून ओढायचं. “आणि काय नाही करायचं?”

“उडी टाकायची नाही,” पोरं एका सुरात म्हणाली.

रामहरीची हकिकत मॅडमच्या कानावर आली होती. जाताना त्या गहिनीनाथपाशी थांबल्या. “नाना, तुम्ही तेव्हा उडी टाकली नाही ते बरोबरच केलं. कागदाच्या तळ्यात चांगले पोहणारेसुद्धा जातात.”

“व्हय,” तो म्हणाला आणि चपलेचा अंगठा चाचपत राहिला. जो तो त्याला माफ करायच्या घाईत होता. त्याला मॅडमचा राग आला आणि मग स्वतःची लाज वाटली.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी सत्यशीला पहिल्यांदाच तलावावर आली. हातात नवा टॉवेल होता. पोरगी अख्खा तलाव पोहून जाते म्हटल्यावर तिला राहवलं नव्हतं. तिला पायरीवर बसवून गहिनीनाथ पेढे आणायला स्टँडकडं गेला. आज किती दिवसांनी त्याला जरा हलकं वाटत होतं.

पेढ्यांचा पुडा घेऊन तो फाटकातून आत शिरला आणि “वाचवा” असा आवाज त्याच्या कानावर पडला.

खोल बाजूला ज्ञानू हातपाय झाडत होती. डोकं वर यायचं, परत खाली जायचं. पोरं काठावर उभी होती. मॅडम काठावर उभ्या होत्या. सत्यशीला उभी होती. कुणीच हलत नव्हतं.

पुडा कुठं पडला ते त्याला कळलं नाही. भानावर आला तेव्हा ज्ञानूची हनुवटी त्याच्या कोपराच्या वळणात होती आणि तो पाठीवर तरंगत, एका हातानं पाणी मागं सारत काठाला लागत होता. मॅडमनी पोरीला वर ओढून घेतलं.

“अहो नाना, हे नाटक होतं,” त्या म्हणाल्या. “कॅन फेकायचा सराव. आत्ताच सगळ्यांना सांगितलं होतं मी.”

ज्ञानूला ठसका लागला, मग ती हसतच सुटली. “नाना, मी खोटं खोटं बुडत हुते. समर्थ कॅन फेकणार हुता.”

समर्थ नावाचं ते पोरगं कॅन हातात धरून तसंच उभं होतं. गहिनीनाथ कपड्यांनिशी निथळत पायरीवर टेकला. पोर धडधाकट आहे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आज ते त्यानं पुसलंही नाही.

सत्यशीलानं लेकीला टॉवेलात गुंडाळलं आणि तिचं डोकं पुसायला घेतलं. पुसता पुसता तिचा हात थांबला. ती दिराकडं बघत राहिली.

“आई,” टॉवेलातून तोंड बाहेर काढत ज्ञानू म्हणाली, “नानांना किती भारी पवता येतं गं.”