उष्टी हळद

नवरदेवाच्या अंगाची उष्टी हळद वाटीतून आली आणि मामींनी ती केतकीच्या गालांना, हातांना मनसोक्त फासली. "सासरचं पहिलं देणं आहे, नाही म्हणायचं नाही!" असं म्हणत त्यांनी शेजारणींचे गालही उरकले. फुकटची हळद, त्यामुळे कुणी तोंड फिरवलं नाही.

तेवढ्यात नवरदेवाचा, ऋग्वेदचा फोन आला. "केतकी, हळद लावली नाहीस ना गं?"

"लावली की. का?"

"मला शिबं होती. बरी केली की पुन्हा उठायची. पाठीवरचे पांढरे डाग लग्नात दिसू नयेत म्हणून मागच्या आठवड्यात जिवंत मलम लावलं."

केतकी दचकली. ते मलम डॉक्टर ज्याच्या-त्याच्या कातडीवर बेतून बनवत. त्यातले जंतू मालकाच्या अंगावरची बुरशी तेवढी खात. परक्या अंगावर गेले, की कातडीचा रंगही खाऊन टाकत. म्हणून महिनाभर कुणाच्या अंगाला अंग लावायचं नाही, अशी सक्त ताकीद असे.

"आधी सांगता आलं नाही?"

"शिबं म्हटल्यावर तुझ्या मामींनी स्थळच मोडलं असतं."

ते मात्र खरं होतं. केतकीने घाईघाईने पदराने गाल पुसला. पदरावर हळदीचा पिवळा उतरला आणि त्याच्यासोबत तिचा गव्हाळ रंगही.

बाहेर मामी वाटी खरवडत होत्या. "अजून आहे गं, बाळाला आणा!"

केतकीने ओरडायला तोंड उघडलं, तोवर बाळाची आई उठली होती.